गाळानें भरणारा गोविंदसागर

हिमाचल प्रदेशांत बिलासपूरपाशीं सतलजेच्या पात्राकडे ऐन उन्हाळ्यांत पाहणाऱ्यास एक विलक्षण देखावा दिसतो. पावसाळ्याच्या अखेरीस जेथें डोंगरांच्या पायथ्यापर्यंत निळें पाणी पसरलेलें असतें, तेथें करड्या रंगाचें एक विस्तीर्ण मैदान उघडें पडलेलें असतें, आणि त्या मैदानांतून जुन्या देवळांचीं दगडी शिखरें वर आलेलीं दिसतात. हीं देवळें जुन्या बिलासपूरचीं होत. भाक्रा धरणाचें पाणी चढूं लागल्यावर १९६० च्या सुमारास तें जुनें राजधानीचें गांव बुडालें. माणसें वरच्या उतारावर वसविलेल्या नव्या शहरांत राहावयास गेलीं. देवळें मात्र होतीं तेथेंच राहिलीं. दरवर्षीं जलाशयाची पातळी उतरली म्हणजे तीं पुन्हां दृष्टीस पडतात, आणि जुन्या गांवाची आठवण जपणारीं माणसें तेथवर चालत जाऊन तीं पाहून येतात.

परंतु ह्या देवळांची उंची वर्षानुवर्षें कमी होत चालल्यासारखी भासते. देवळें खचत नाहींत; त्यांच्या भोंवतालची जमीन वर चढत आहे. प्रथम जोतीं गेलीं, मग दरवाजे गेले, आणि आतां कांहींचें निम्में अंग गाळांत रुतलेलें आहे. ही चढणारी जमीन म्हणजे सतलजेनें हिमालयांतून वाहून आणलेली वाळू आणि माती. ती कोठून येते, कोठें बसते आणि ती तेथें बसल्यानें कोणाचें काय जातें, ह्या तीन प्रश्नांचा विचार ह्या भाषणांत करावयाचा आहे.

भाक्रा धरणाचें काम १९४८ सालीं सुरू झालें, आणि २२ ऑक्टोबर १९६३ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं तें राष्ट्राला अर्पण केलें. दोन डोंगरांमधील चिंचोळ्या खिंडींत उभी असलेली ही काँक्रीटची भिंत २२६ मीटर उंच आहे. तिच्या मागें जो जलाशय झाला, त्यास शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग यांचें नांव देण्यांत आलें. आरंभीं ह्या गोविंदसागराची एकंदर सांठवण ९६२ कोटि १० लक्ष घनमीटर, म्हणजे सुमारें ३४० टीएमसी होती. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस ओळखीचें माप घ्यावयाचें, तर कोयनेच्या शिवाजीसागरासारखे तीन जलाशय त्यांत सामावून वर थोडी जागा उरली असती. पंजाब, हरियाणा आणि राजस्थान ह्या तीन राज्यांतील लक्षावधि एकर जमीन ह्या पाण्यावर भिजते, आणि दिल्लीच्या नळांना येणाऱ्या पाण्यांतहि त्याचा वाटा आहे. ह्या सांठ्याची किंमतहि तशीच मोठी होती. साडेतीनशेंहून अधिक गांवांची जमीन बुडाली व सुमारें छत्तीस हजार माणसें आपल्या घरांतून उठलीं. एवढ्या मोलानें जी जागा पाण्यासाठीं मिळविली, तीच जागा आज हळूहळू माती घेत आहे.

ही माती येते कोठून, तें पाहण्यासाठीं सतलजेबरोबर वर जावें लागतें. प्राचीनांची शुतुद्री ती हीच. तिबेटांत मानससरोवराच्या परिसरांत ती उगम पावते, शिपकी खिंडीजवळ भारतांत शिरते आणि किन्नौरच्या खोल दऱ्यांतून व रामपूरवरून बिलासपूरकडे येते. भाक्र्याच्या वरच्या अंगास तिचें पाणलोट क्षेत्र सुमारें ५७,००० चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या कठीण काळ्या पाषाणाशीं परिचय असलेल्यांना हिमालयाचा स्वभाव सहसा लक्षांत येत नाहीं. सह्याद्रि हा वृद्ध आणि स्थिरावलेला. हिमालय वयानें तरुण, अजून उंचावत असलेला. त्याचे खडक दाबाखालीं चुरलेले व भेगाळलेले आहेत आणि त्याचे उतार उभे आहेत. स्पिति नदीच्या खोऱ्यांत तर पाऊस इतका थोडा कीं उतार धरून ठेवावयास झाडझाडोराहि नाहीं. बर्फ वितळूं लागलें किंवा क्वचित् एखादी जोराची सर आली, कीं तेथील सैल माती आणि दगडगोटे ओघळून नदींत येतात. त्याच्या खालीं, मोसमी पावसाच्या टापूंत, दरडी कोसळतात त्या निराळ्याच.

ह्या नैसर्गिक झिजेंत माणसानेंहि भर घातली आहे. डोंगर कापून रस्ता काढावयाचा आणि निघालेला राडारोडा खालच्या दरींत लोटून द्यावयाचा, ही रीत सोपी आणि स्वस्त. पण दरींत लोटलेलें तें सारें पुढल्या पावसाळ्यांत नदीच्या स्वाधीन होतें. गुरांच्या व बकऱ्यांच्या अति चराईनें उघडे झालेले उतार आणि तोडलेलीं वनें हींहि तोच कारभार पुढें चालवितात.

नदी हा माल वर्षभर सारखा वाहून आणीत नाहीं. वेग थोडा वाढला तरी पाण्याची वाहून नेण्याची शक्ति कित्येक पटींनीं वाढते. त्यामुळें वर्षाच्या गाळापैकीं फार मोठा हिस्सा पावसाळ्याच्या महिन्यांत, आणि त्यांतहि पुराच्या मोजक्या दिवसांत येतो. थंडींत निवळशंख दिसणारी सतलज आषाढ-श्रावणांत राखेच्या रंगाची होते. कधीं कधीं तर एका रात्रींत वर्षाचें काम होतें. २००० सालच्या जुलैअखेरीस सतलजेला असा एक महापूर आला. पुढें २००४ सालीं तिबेटांतील पारेछू नदीवर दरड कोसळून एक तळें तयार झालें, आणि २००५ च्या जून महिन्यांत तें फुटून त्याचा लोंढा स्पितीवाटे सतलजेंत उतरला. असे लोंढे कांठ खरवडीत येतात आणि जें जें सैल सांपडेल तें तें उचलून खालीं आणतात.

आतां हा गाळ जलाशयांत शिरल्यावर त्याचें काय होतें, हा दुसरा प्रश्न. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरांना गाळ येणार हें ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं. प्रत्येक मोठ्या जलाशयांत त्यांनीं त्याच्यासाठीं जागा राखून ठेवलेली असते. भाक्र्याच्या बाबतींत ४४५.६ मीटर ही किमान पातळी धरलेली असून तिच्या खालचा २४३ कोटि घनमीटरांचा सांठा वापरावयाचा नाहीं असें ठरलेलें आहे. त्यास मृत सांठा म्हणतात. त्याच्या वर ५१२ मीटर पातळीपर्यंतचा ७१९ कोटि १० लक्ष घनमीटरांचा सांठा तो उपयुक्त सांठा. शेतीला आणि वीजनिर्मितीला जें पाणी मिळतें तें ह्या उपयुक्त सांठ्यांतून. कल्पना अशी होती कीं, गाळ जड असल्यामुळें तळाशीं जाईल, मृत सांठ्याची जागा हळूहळू भरील, आणि ती भरेपर्यंत वरचा उपयुक्त सांठा अबाधित राहील. घरांत तांब्याभर गढूळ पाणी ठेवलें तर माती तळाशीं बसते. त्याच अनुभवावर ही कल्पना आधारलेली होती.

परंतु जलाशय हा तांब्या नव्हे. तो कित्येक कोस लांब, एका टोकाला उथळ आणि दुसऱ्या टोकाला खोल असा असतो, आणि गाळ त्यांत वरून पडत नाहीं, उथळ टोकाकडून शिरतो. वाहतें पाणी संथ पाण्याला मिळालें कीं त्याचा वेग मरतो, आणि वेग मरतांच हातांतलें ओझें तें तेथल्या तेथें टाकून देतें. एकदशांश मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण स्थिर पाण्यांत एक मीटर खालीं जावयास सुमारें दोन मिनिटें घेतो. म्हणजे वाळू जलाशयाच्या तोंडाशींच बसणार. उलट, ह्याच्या पन्नासावा हिस्सा जाडीचा चिकणमातीचा कण तेवढेंच अंतर उतरावयास सुमारें तीन दिवस घेतो. असे कण पाण्याबरोबर दूरवर जातात. पुष्कळदां गढूळ पाण्याचा जड थर स्वच्छ पाण्याच्या खालून सरपटत थेट धरणाच्या भिंतीपर्यंत पोहोंचतो. मृत सांठ्यांत जाणारा गाळ तो मुख्यतः हा. जाडाभरडा माल मात्र तोंडाशींच सांचून त्याचा समुद्रकांठच्या नद्यांप्रमाणें एक त्रिभुज प्रदेश तयार होतो. उन्हाळ्यांत पातळी उतरली कीं नदी आपणच टाकलेला हा ढीग चिरीत पुढें येते व त्यांतील कांहीं भाग आणखी खालीं नेऊन टाकते. अशा रीतीनें हा ढीग एकेक पाऊल टाकीत वर्षानुवर्षें धरणाकडे सरकत असतो. बिलासपूरच्या देवळांना वेढणारी जमीन ती हीच. आणि तिचा मोठा भाग किमान पातळीच्या वर, म्हणजे उपयुक्त सांठ्याच्या जागेंत आहे.

भाक्र्याचे आंकडे ह्या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. योजना आंखतांना वर्षाला सुमारें ३ कोटि ३६ लक्ष घनमीटर गाळ येईल असा हिशेब धरलेला होता. पुढें वेळोवेळीं झालेल्या पाहण्यांत वर्षाची सरासरी ३ कोटि ९० लक्ष घनमीटरांच्या आसपास आढळली. पुण्याच्या खडकवासला धरणांत आज जेवढा उपयुक्त सांठा आहे, त्याच्या दोनतृतीयांशाहून अधिक जागा गाळ येथें दर वर्षीं व्यापतो. साठ वर्षांत ह्या गतीनें सुमारें २३४ कोटि घनमीटर, म्हणजे मूळच्या एकंदर सांठ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. आतां हा २३४ चा आंकडा मृत सांठ्याच्या २४३ ह्या आंकड्याशेजारीं ठेवून पाहावा. सारा गाळ त्याच्यासाठीं राखलेल्या जागेंत गेला असता, तर ती जागा आज भरत आली असती आणि उपयुक्त सांठ्यांतील एक थेंबहि कमी झाला नसता. प्रत्यक्षांत मृत सांठ्यांत अजून पुष्कळ जागा रिकामी आहे, आणि उपयुक्त सांठ्याचा लचका मात्र तुटला आहे. गाळ किती येईल ह्या अंदाजांत चूक झाली ती थोडी. तो कोठें बसेल ह्या अंदाजांत झाली ती मोठी.

ह्यानें कोणाचें काय जातें, हा तिसरा प्रश्न. भरपूर पावसाच्या वर्षीं कोणाचें कांहीं जातांना दिसत नाहीं, आणि म्हणूनच हें नुकसान डोळ्यांआड राहतें. परंतु जलाशयाचें खरें काम सुकाळांत नव्हे, दुष्काळांत असतें. एका वर्षीं अधिक आलेलें पाणी अडल्या वेळेसाठीं राखून ठेवणें, हा त्याचा धर्म. जागा कमी झाली कीं ही शिल्लक कमी होते, आणि ज्या वर्षीं पाऊस दगा देतो त्या वर्षीं कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याची पाळी चुकते. दुसरें असें कीं, पुराचें पाणी धरून ठेवावयासहि रिकामी जागाच लागते. १९८८ सालीं आणि २०२३ सालीं जलाशय तुडुंब असतांना भाक्र्यांतून पाणी सोडावें लागलें आणि पंजाबच्या सखल भागांत पूर आला. ह्या पुरांचें कारण गाळ एवढेंच नव्हे; परंतु गेलेली जागा हाताशीं असती, तर पाणी सोडणारांना थोडी उसंत खचित मिळाली असती.

वीजनिर्मितीला बसणारा फटका तर रोखठोक आहे. भाक्र्याच्या वर सतलजेवर नाथपा-झाक्री येथें १५०० मेगावॅट शक्तीचें विद्युद्गृह आहे. तेथें मोठा जलाशय नाहीं. नदीचें पाणी बोगद्यांतून नेऊन टर्बाइनांवर सोडतात. पाण्यांतील जाड वाळू वेगळी करण्यासाठीं डोंगराच्या पोटांत ५२५ मीटर लांबीचे चार प्रचंड हौद खोदलेले आहेत. तरीहि बारीक कण सुटतातच, आणि त्यांत गारगोटीचे कण पुष्कळ असल्यानें ते पोलादी पात्यांना कानशीप्रमाणें घासतात. एका लिटर पाण्यांत पांच ग्रॅमहून अधिक गाळ येऊं लागला कीं यंत्रें बंद ठेवावीं लागतात. ज्या दिवसांत नदीला सर्वांत अधिक पाणी असतें, त्याच दिवसांत वीज थांबते.

मग हा गाळ उपसून कां काढीत नाहींत, असा प्रश्न साहजिकच कोणाच्याहि मनांत येईल. महाराष्ट्रांत २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना चालू आहे. लहान तलावांतील सुपीक काळी माती शेतकरी आपल्या गाड्यांनीं नेऊन शेतांत पसरतात, आणि तळें व शेत दोहोंचेंहि भलें होतें. गोविंदसागराचें गणित निराळें आहे. दहा घनमीटर माती नेणारा मालट्रक धरला, तर केवळ त्या वर्षीं आलेला गाळ काढावयास ३९ लक्ष खेपा, म्हणजे रोज साडेदहा हजारांहून अधिक खेपा कराव्या लागतील. आणि त्यानें जुना गाळ तसूभरहि कमी होणार नाहीं. शिवाय तोंडाशीं बसलेली ही बहुतेक वाळू. बांधकामाला तिचा कांहीं उपयोग होईल, पण शेताला ती वर नको आहे. एवढा माल डोंगराळ मुलखांत टाकावयाचा कोठें, हा प्रश्न उरतोच. उतारावर टाकला तर तो पुन्हां पाण्यांतच यावयाचा. लहान जलाशयांत पावसाळ्यांत तळचे दरवाजे उघडून पाण्याच्या जोरानें गाळ खालीं लोटतां येतो. परंतु त्यासाठीं जलाशय जवळजवळ रिता करावा लागतो, आणि ज्याच्या पाण्यावर तीन राज्यें अवलंबून आहेत तो रिता करण्याची जोखीम कोण घेणार?

तात्पर्य, गाळ जलाशयांत आल्यावर करण्यासारखें फार थोडें उरतें. जें करावयाचें तें वर, उतारावर. ह्या बाबतींत भाक्र्यापासून फार दूर नसलेलें एक लहानसें उदाहरण उद्बोधक आहे. चंडीगड शहराच्या कडेला १९५८ सालीं सुखना नांवाचें तळें बांधण्यांत आलें. शिवालिकच्या भुसभुशीत टेकड्यांतून येणारा एक ओढा त्यासाठीं अडविला होता. पंधरावीस वर्षांच्या आंत तळ्याची निम्म्याहून अधिक जागा गाळानें व्यापली. तेव्हां मृद्-जलसंधारण संशोधन केंद्रांतील पी. आर. मिश्रा व त्यांचे सहकारी गाळाचा माग काढीत वर गेले, आणि तो माग सुखोमाजरी नांवाच्या एका गरीब खेड्याच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर जाऊन पोहोंचला. तेथें गांवची गुरें आणि बकऱ्या चरत होत्या. चराई बंद करा असें गांवकऱ्यांना सांगणें सोपें होतें; पण शहरांतील लोकांच्या नौकाविहारासाठीं त्यांनीं आपल्या पोटावर पाय कां द्यावा, ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतें.

मिश्रांनीं तें उत्तर शोधून काढलें. १९७६ पासून गांवाजवळ मातीचे लहान बांध घालून पावसाचें पाणी अडविण्यांत आलें आणि तें शेतीला देण्यांत आलें. ह्या पाण्यांत प्रत्येक घराचा सारखा वाटा ठरला. ज्याला जमीन नाहीं त्यालाहि तो मिळाला. टेकडी उघडी राहिली तर आपलाच बांध गाळानें भरेल आणि आपलेंच पाणी जाईल, हें गांवकऱ्यांना कळावयास मग कोणा अधिकाऱ्याची गरज राहिली नाहीं. त्यांनीं आपणहून गुरें आवरलीं. टेकडीवर गवत आलें, झाडें आलीं, गवत विकून गांवाला पैसा मिळूं लागला, आणि त्या टेकड्यांवरून सुखन्यांत उतरणारा गाळ अगदीं थोडा राहिला.

सुखोमाजरीची टेकडी निराळी आणि किन्नौरचा कडा निराळा, हें कबूल केलें पाहिजे. स्पितीच्या उजाड उतारांवर गवत लावून हिमालयाची झीज थांबेल असें कोणी मानूं नये; ती झीज माणूस जन्माला येण्यापूर्वींपासून चालूं आहे. भाक्र्याच्या वर २०१५ पासून कोलधरण उभें आहे आणि येणाऱ्या गाळापैकीं कांहीं आतां तेथें अडतो. परंतु त्यानें गाळ नाहींसा होत नाहीं, एका जलाशयाऐवजीं दुसरा भरतो इतकेंच. तथापि रस्त्याचा राडारोडा दरींत न टाकणें, मधल्या टापूंतील गांवांचे उतार झाडागवताखालीं आणणें, ओढ्या-नाल्यांना बांध घालणें, हीं माणसाच्या हातचीं कामें आहेत. त्यांतील अडचण स्थापत्यशास्त्राची नसून न्यायाची आहे. जलाशयाचें पाणी खालच्या सपाटीवर जातें; वरचा उतार राखणारा पहाडी माणूस त्या पाण्याचा धनी नसतो. त्यानें कुऱ्हाड आवरावी, बकऱ्या कमी कराव्या, आणि त्याचें फळ दीडदोनशें मैलांवरील शेतांनीं चाखावें, ही अपेक्षा फार दिवस टिकणारी नव्हे. सुखोमाजरीनें दाखविलें तें एवढेंच कीं, उतार राखणाराला पाण्यांत वाटा मिळाला तर उतार राखला जातो.

आणि ही निकड उद्यांवर ढकलण्यासारखी नाहीं. धरणाची भिंत जुनी झाली तर दुरुस्त करतां येते, यंत्रें झिजलीं तर नवीं बसवितां येतात. परंतु दोन कडे जवळ आलेले आणि त्यांच्या मागें एवढें रुंद खोरें पसरलेलें, अशा जागा निसर्गानें हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच दिल्या आहेत. त्यांतली एक मातीनें भरली कीं तिच्या बदलीं दुसरी मिळत नाहीं. अशा जागेची सांठवण ही व्याज नव्हे, मुद्दल आहे. भाक्र्याच्या पिढीनें तें मुद्दल मोठ्या कष्टानें आणि छत्तीस हजार माणसांच्या घरांच्या मोलानें उभें केलें. त्यांतला चौथा हिस्सा साठ वर्षांत गेला. पुढच्या उन्हाळ्यांत पाणी उतरेल तेव्हां बिलासपूरचीं देवळें पुन्हां वर दिसतील. त्यांच्या भिंतीवर गाळ जेथवर चढलेला असेल, ती खूण म्हणजे ह्या मुद्दलाच्या खर्चाची उघड्यावर ठेवलेली वही होय. ती वाचावयास कोणाहि तज्ज्ञाची गरज नाहीं.